टायमिंग आता पान्याने बसत नाही

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई२०) आल्यापासून इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवरच्या गॅरेजांत एक तक्रार वारंवार कानावर येते : खालचा पिकअप गेला. ओंकारेश्वरला निघालेली भरलेली गाडी भेरूघाटात दुसऱ्या गिअरवर दम टाकते. मग मालक येऊन सांगतो, टायमिंग जरा पुढे घ्या.

ठिणगीची वेळ अलीकडे आणण्याची ही मागणी मारुती ८००च्या काळातली. इथल्याच एका जुन्या मिस्त्रींना ते काम करताना मी पाहिलंय. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचे, टायमिंग लाइट पुलीवर धरायचे. लुकलुकत्या उजेडात गरगरणारी खूण थिजून उभी राहायची. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून गाडी चढावर न्यायची, तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबायचा. इंजिन खडखडलं, की तेवढं मागे.

ती खडखड, म्हणजे नॉकिंग, ऐकणारा मिस्त्रींचा कान आता इंजिनावरच बसवलेला असतो : नॉक सेन्सर. चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० ठिणग्या पडतात. इंजिनाचा संगणक, ईसीयू, प्रत्येकीची वेळ ठरवतो आणि नॉकिंग जाणवताच ती मागे ओढतो. नॉकिंगला सर्वांत पोषक स्थिती कोणती? फेरे कमी, एक्सलरेटर दाबलेला, आणि मिश्रणाला आपोआप पेटायला भरपूर अवधी. म्हणजे जिथे ताकद हवी, नेमकी तिथेच टायमिंग पुढे घ्यायला जागा सर्वांत कमी.

इथेनॉल नॉकिंग रोखतं हे खरं. त्याचा ऑक्टेन १०८.५, साध्या पेट्रोलचा ८४.४, असं पेट्रोलियम मंत्रालयच सांगतं. पण लिटरमागे त्यात ऊर्जा सुमारे एकतृतीयांश कमी. ई२०साठी घडवलेला ईसीयू त्या ऑक्टेनचा फायदा उठवतो. जुना आपल्या मॅपपलीकडे, म्हणजे साठवलेल्या वेळांच्या तक्त्यापलीकडे, जात नाही.

म्हणून तो मॅप तासाभरात लॅपटॉपवरून बदलणाऱ्या रीमॅपला माझा ठाम विरोध आहे. पीथमपूरला, इथून जवळच, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे. कंपन्या गाड्या अशा ठिकाणी महिनोन्‌महिने पिळतात, तेव्हा मॅप पक्का होतो. तो बदलायचाच असेल तर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), नॉकची नोंद डोळ्यांसमोर ठेवून. नाहीतर पिस्टन जातो, वॉरंटीही जाते.

आणि त्याआधी स्कॅनर लावा. गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी भेरूघाटात अडखळणाऱ्या अशाच एका गाडीला लावला. कोड आला पी०३०३, तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. प्लग काढून उजेडात धरला, तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी चीर होती.