उजेडाचा रंग काढावा, माणसाचा ठेवावा

संगणकावर रंग बदललेला फोटो म्हणजे फसवणूक, असे मानणारे पुष्कळ आहेत. लग्नाच्या अल्बममधले पांढरेफटक चेहरे आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे भडक हिरवे सह्याद्रीचे कडे पाहिले की त्यांचा राग समजतो. पण फोटोतला रंग दुरुस्त करणे वेगळे आणि बदलणे वेगळे. या दोहोंमधली सीमा ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडण्याची गरज नाही. उजेडाने चढवलेला रंग काढावा, वस्तूचा आणि माणसाचा अंगचा रंग ठेवावा, एवढ्या एका नियमावर ती बऱ्यापैकी ठरवता येते.

कॅमेऱ्यातून आला तसाच फोटो खरा, हा यावरचा पहिला आक्षेप. पण कॅमेऱ्यातून ‘तसेच’ काही येत नाही. बहुतेक डिजिटल सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते आणि त्यांतल्या निम्म्या हिरव्या असतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. मग फोनचे सॉफ्टवेअर उजेडाचा अंदाज बांधते, सावल्या उजळते, रंग गडद करते. आपण हात लावला नाही तरी कंपनीने तो आधीच लावलेला असतो. पूर्वी हा हात दूरच्या प्रयोगशाळेचा असे. प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्यासाठी जर्मनीला पाठवला होता. १९३३ मध्ये तो आला तेव्हा रंग मनासारखे उतरले नव्हते, आणि छापलेल्या प्रतीवरचा रंग तेव्हा सुधारता येत नसे. तेव्हा परदेशातल्या प्रयोगशाळेच्या हाती असलेला निर्णय आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. तो जाणतेपणाने घ्यावा, हे माझे म्हणणे.

उदाहरणार्थ, पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे घ्या. आठव्या शतकातले हे लेणे बेसॉल्टमध्ये कोरलेले आहे. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान साधारण ५५०० केल्विन असते. सावलीत मात्र आकाशाचा निळा उजेड पडतो आणि हा आकडा ७००० च्या वर जातो. कॅमेरा उन्हावर बेतलेला असेल तर सावलीतले खांब निळसर उमटतात. प्रत्यक्षात आपल्याला ते तितके निळे दिसत नाहीत, कारण मेंदू उजेडाचा रंग बराचसा वजा करतो. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधला व्हाइट बॅलन्स हेच काम करतो. त्याचा ड्रॉपर करड्या दगडावर टेकवला की तिथले लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे सारखे होतात आणि निळी झाक जाते. मात्र जागा जपून निवडावी लागते. शेवाळ धरलेला दगड उपयोगाचा नाही, आणि शेजारी उभ्या माणसाचा पांढराशुभ्र सदराही नाही. नीळ दिलेल्या किंवा आजच्या वॉशिंग पावडरने धुतलेल्या कापडातून निळसर उजेड परततो. त्याला पांढरे मानले की सगळा फोटो पिवळा पडतो.

मग समईचा पिवळा उजेडही पुसायचा का, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. ज्योतीच्या उजेडाचा आकडा २००० केल्विनच्या आसपास असतो आणि डोळाही तो पुरता वजा करत नाही. म्हणून तिथे झाक थोडी उतरवून ऊब राखणे हेच पाहणाऱ्याच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे. सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंगाच्या गडदपणाच्या, बाबतीत मात्र इतकी सवलत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. मंडईतल्या झेंडूच्या ढिगाचा रंग वाढवत नेला आणि लाल २५५ वर जाऊन टेकला, की पाकळ्यांमधला भेद पुसला जातो आणि फुलाच्या जागी सपाट डाग उरतो. तसा जतन केलेला फोटो पुन्हा सुधारत नाही. चौदा बिटच्या रॉ, म्हणजे कच्च्या, फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून दुरुस्तीला वाव जास्त.

या नियमाची खरी कसोटी लागते ती माणसाच्या चेहऱ्यावर. मेलॅनिन आणि त्वचेखालचे रक्त यांमुळे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्यांच्या त्वचेची छटा नारिंगीच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात येते. फरक असतो तो मुख्यतः उजळपणात. त्यामुळे मांडवाच्या हिरव्या कापडाने चेहऱ्यावर चढवलेली झाक काढता येते आणि त्यासाठी नवरीला गोरी करावे लागत नाही. गोरे करणारा हात सहसा नारिंगी रंगाचा उजळपणा वाढवतो. त्याच पट्ट्यात हळद आणि सोन्याची ठुशी येते, म्हणून चेहऱ्याबरोबर तीही फिकी पडते. हा कल जुना आहे. अमेरिकेतल्या फोटो लॅब अनेक वर्षे प्रिंटचे रंग गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेल्या ‘शर्ली कार्ड’शी जुळवत आणि सावळे चेहरे त्यात नीट उतरत नसत. गुगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनबरोबर ‘रिअल टोन’ आणले ते ही उणीव भरण्यासाठीच.

‘गिऱ्हाइकालाच गोरा फोटो हवा असतो’, हे स्टुडिओचे उत्तर खोटे नाही. पण गिऱ्हाइकापुढे सहसा मूळ आणि गोरा केलेला असे दोनच फोटो येतात. झाक काढून सावळेपणा राखलेला तिसरा फोटो दाखवला, तर निवड खरी होईल. कलावंताला कोणताही रंग वापरण्याची मोकळीक आहेच, कारण तो चित्र म्हणून ते मांडतो. बातमीचा फोटो, स्थळासाठी पाठवलेला फोटो आणि घरचा अल्बम मात्र साक्ष म्हणून पाहिले जातात. डार्कटेबल, गिंपसारखी मोफत सॉफ्टवेअर हाताशी असताना साधनांची सबब उरलेली नाही. मूळ फाइल जपावी, आधी उजेड दुरुस्त करावा आणि त्वचेच्या उजळपणाला हात लावण्यापूर्वी थांबावे. पुढच्या पिढीला आजी कशी दिसत होती ते या फोटोंतूनच कळणार आहे, आणि तिचा सावळा रंग ही दुरुस्त करण्याजोगी चूक नव्हती.