घरगुती पाळणाघर : हैदराबादेत काय पाहाल?

म्हणजे काय : सांभाळणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या घरी मोजकी मुले. प्ले स्कूलचे तास ठरलेले. इथे वेळ आईबाबांच्या शिफ्टप्रमाणे. गच्चीबावली, कोंडापूरकडे बरीचशी फ्लॅटमध्येच.

कायदा : मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीपासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक; आईला दिवसातून 4 भेटींची मुभा. ही तरतूद कंपनीला बांधते, शेजारच्या काकूंना नाही.

संप : जमिनीखालची पाण्याची टाकी, स्वतंत्र घरात अंगणात किंवा पार्किंगखाली. झाकण जड आणि कुलूपबंद हवे. रांगते मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते, म्हणून बाथरूममधली भरलेली बादलीही धोक्याचीच.

घरात :
• बाल्कनीला जाळी, खिडकीखाली खुर्ची-पलंग नको. गॅस, इस्त्री, औषधे, फिनेल मुलांच्या हाती लागणार नाही असे.
• तान्ह्याला पाठीवर झोपवणे. वर्षाआतल्या बाळाला मध नाही.
• अख्खे शेंगदाणे, द्राक्षे : घशात अडकण्याचा धोका.
• मे महिन्यात पारा चाळिशीपार. वीज गेल्यावर पंख्याची सोय?

विचारा : बाई आजारी पडल्या तर कोण? घरात आणखी कोण राहते, कोणाचे येणेजाणे? मुलाला न्यायला कोण येऊ शकते, याची लेखी यादी आहे का? न सांगता डोकावता येते का? (नकार आला, तर तेही उत्तरच.)

मदत : चाइल्डलाइन 1098, आणीबाणी 112.