थेंब नेमका कुठून येतो

देवरूखहून साडवलीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक जेसीबी उभा होता. त्याच्या पोटाखाली तेलाचा कापलेला डबा ठेवला होता आणि त्यात टप टप थेंब पडत होते. मे महिना संपत आला होता. संपादकांनी मला महामार्गाच्या चौपदरीकरणावर लिहायला संगमेश्वर तालुक्यात पाठवलं होतं. मी त्या डब्यापाशीच अडकले.

मशीनजवळ पन्नाशीचे एक गृहस्थ हातात डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, पुसत होते. त्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात. मालक घाईत होता. होस (तेलाची रबरी नळी) बदला आणि मशीन मोकळी करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मिस्त्री पुसतच राहिले. सगळा भाग कोरडा झाल्यावर त्यांनी खिशातून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि सिलिंडर, जोड, होस, सगळीकडे पांढरी भुकटी शिंपडली. मग ऑपरेटरला इंजिन चालू करायला सांगून ते लांब उभे राहिले.

"ताई, तेल दिसतं खाली, पण येतं वरनं," ते म्हणाले. "खालचा होस बिचारा निष्कारण बदलला जातो."

दोन मिनिटांनी पावडरीवर एक काळसर रेघ उमटली. ती होसपासून निघालीच नव्हती. बूम सिलिंडरच्या तोंडाशी, जिथून चकचकीत रॉड आत-बाहेर करतो त्या ग्लँडपाशी ती सुरू होत होती आणि बूमच्या उतारावरून हातभर खाली येऊन होसच्या जोडावर थेंब धरत होती.

या यंत्रांचा सगळा जोर बंदिस्त तेलात आहे. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो; जेसीबीच्या नळ्यांत तो २०० ते २५० बारपर्यंत जातो, मोठ्या पोकलेनमध्ये ३००च्याही वर. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कारखान्याचं नाव. त्यांचं हायड्रॉलिक खोदयंत्र १९५१ साली आलं. आज ती कंपनी खोदयंत्रं बनवत नाही, पण कोकणात दिसणारं प्रत्येक मोठं खोदयंत्र, कुणाही कंपनीचं असो, पोकलेनच.) एवढा दाब धरून ठेवायला रॉडभोवती असते ती रबरासारख्या मऊ पदार्थाची एक कडी. गळतीची अडचण या विद्येइतकीच जुनी आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ साली लंडनमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दट्ट्याभोवतून पाणी गळे. त्यावर वाटीसारख्या वळलेल्या चामड्याची कडी निघाली. तिचं श्रेय त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. दाब वाढला की त्या कडीचा ओठ अधिक घट्ट चिकटतो. आजचं रॉड सील त्याच तत्त्वावर चालतं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते: जो जोर बाहेर पडायला बघतो, त्यालाच दार लावायच्या कामी लावायचं.

बादली जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर पुढेमागे हलवून मिस्त्रींनी आधी दाब सोडला. त्याशिवाय ते पान्याला हात लावत नाहीत. गळती हाताने चाचपायलाही त्यांनी हेल्परला सक्त मनाई केली आहे. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून बघायचं. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची पिचकारी कातडीत शिरते, वर टाचणीएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत तेल पसरलेलं असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जाऊ शकतो. कोकणात गावोगाव अशी मशिनं आहेत. ही एक गोष्ट तरी प्रत्येक ऑपरेटरला आणि प्रत्येक दवाखान्याला माहीत असायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

जुनं सील निघालं. नवं किट बाजूलाच होतं, पण मिस्त्री जुनं घेऊन उन्हात गेले आणि बोटांनी फिरवत बघत राहिले. कडक होऊन तडकलं असेल तर तेल तापतंय. चपटं झालं असेल तर फार दिवस झाले. कड कुरतडल्यासारखी असेल तर मागची आधाराची कडी गेली. या सीलच्या ओठावर उभे, बारीक ओरखडे होते. मिस्त्रींनी रॉडवरून नखाची कड फिरवली आणि एका जागी थांबले. मलाही फिरवायला सांगितलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, नख मात्र अडलं. क्रोमचा मुलामा फुटून तिथे गंज धरला होता.

"गेल्या पावसात उभी होती ना गाडी?" त्यांनी मालकाला विचारलं. होती. जूनपासून दसऱ्यापर्यंत, रॉड बाहेर ठेवून.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने हवा ओली, त्यात समुद्राचा खार. रॉडला पुळ्या येतात आणि ऑक्टोबरात पहिल्याच फेऱ्यात त्या सीलचा ओठ सोलून काढतात. त्यावर जांभ्याची लाल धूळ. व्हॉल्व्हमधली फट केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. चिरेखाणीतली धूळ तेलात गेली की पंपापासून सगळं घासत जातं. म्हणून मिस्त्री होस उघडला की तोंडाला ताबडतोब प्लॅस्टिक बांधतात.

उपाय साधा आहे. मशीन उभी करताना जेवढे रॉड आत घेता येतील तेवढे घ्यायचे, उघड्या भागाला ग्रीस चोपडायचं आणि काम सुरू करण्याआधी ते धूळभरलं ग्रीस पुसून टाकायचं. होस बसवताना त्यावर छापलेली रेघ सरळ आहे ना, एवढं बघायचं. रेघ पिळलेली दिसली तर होस पिळलाय आणि लवकर फुटणार. होस धरून ठेवणारा क्लँप हरवला तर त्याच दिवशी नवा लावायचा.

पण मशीन तासावर चालते. उभी राहिली की भाडं बुडतं आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला चार लिटरच्या आसपास तेल. मालक ते वरून ओतत राहतो, कारण रोजचा डबा परवडल्यासारखा वाटतो. गळलेलं तेल शेताच्या बांधावर, वहाळात, विहिरीच्या काठावर जातं. त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही. कुणी गळतंय म्हणून जोड आवळतो, आणखी आवळतो, आणि आटे चिरडतात. स्वस्तातलं सील किट दिसायला हुबेहूब असतं आणि पंधरा दिवसांत हात टेकतं.

या रॉडला नवा क्रोम चढवायचा तर आंबा घाटातून कोल्हापूर गाठायचं. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला. दरड हटवायला हीच मशिनं लागतात, आणि तीही भर पावसात, ज्या दिवसांत रॉड दुरुस्तीला बाहेर नेणं सर्वांत कठीण.

मालकाने कोल्हापूरला नकार दिला. तेवढे दिवस नाहीत, म्हणाला. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी तेल लावून घासायचा बारीक दगड घेतला आणि ती पुळी रॉडभोवती आडवी, हळूहळू घासायला लागले. उभं घासलं तर तेलाला वाट मिळते, असं त्यांनी हेल्परला सांगितलं. अर्धा तास ते घासत होते. मधूनमधून नख फिरवत होते.

नवं सील बसलं. बूम दहा वेळा वर-खाली झाला. रॉडवर तेलाचा पातळ, चमकता थर राहिला. तेवढा हवाच, कोरडं सील झिजतं. डब्यात काही पडलं नाही.

"दिवाळीपर्यंत जाईल," मिस्त्री म्हणाले. मग मालकाच्या हातात ग्रीसचा डबा दिला आणि कोणकोणता रॉड चोपडायचा, ते खडूने मशीनवरच फुल्या मारून दाखवलं.