गुलमर्गपलीकडची बर्फाची गावे

हिवाळा सुरू झाला की अनेक घरांत एक बेत शिजू लागतो. यंदा नातवंडांना बर्फ दाखवू, जमल्यास स्कीइंगही शिकवू, असे मुलगा-सून किंवा लेक-जावई ठरवतात आणि नाव बहुधा गुलमर्गचेच निघते. मग आजी-आजोबांचे काय, असा प्रश्न कोणीतरी दबक्या आवाजात विचारतो. ‘त्यांना कशाला एवढा त्रास’ म्हणून तो तेथेच मिटवला जातो. आपण सत्तरीच्या आसपास असाल, अथवा घरातील वडीलधाऱ्यांची काळजी वाहत असाल, तर हा निर्णय इतक्या घाईने करू नये. हिमालयात गुलमर्गखेरीजही स्कीइंगचे उतार आहेत. ते लहान आहेत, कमी गाजलेले आहेत आणि त्यांपैकी काही ज्येष्ठांच्या प्रकृतीला अधिक मानवणारे आहेत.

मानवण्याचा हा प्रश्न आधी उंचीचा आहे, थंडीचा नंतर. समुद्रसपाटीपासून २,५०० मीटर उंचीवर प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू मुंबईच्या मानाने जवळपास तीन चतुर्थांशच उरतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरांवर वसलेले आहे. परंतु तेथील गोंडोलाचा दुसरा टप्पा माणसाला अफरवटच्या अंगावर, ३,९०० मीटरांच्याही वर, काही मिनिटांत नेऊन सोडतो. तेथे हेच प्रमाण साठ-बासष्ट टक्क्यांवर येते. केवळ वय झाले म्हणून विरळ हवा अधिक बाधते, असे मात्र नाही. निरोगी वृद्ध या बाबतीत तरुणांपेक्षा दुबळे ठरत नाहीत. अडचण होते ती वयाबरोबर आलेल्या हृदयविकाराची, दम्याची, फुप्फुसांच्या जुन्या दुखण्याची, रक्तक्षयाची आणि आटोक्यात नसलेल्या रक्तदाबाची. म्हणून ठिकाण निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात : रात्री किती उंचीवर झोपायचे, आणि तेथवर किती दिवसांत चढायचे.

या दोन्ही कसोट्यांवर हिमाचल प्रदेशातील नारकंडा उतरते. तेथे जाण्याची वाटच हळूहळू चढणारी आहे. कालका स्थानक ६५६ मीटरांवर आहे. १९०३ साली सुरू झालेली आणि २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेली अरुंद मापाची गाडी ९६ किलोमीटरांचे अंतर पाच तासांहून अधिक वेळ घेऊन कापते आणि सिमल्याला, म्हणजे सुमारे २,०७५ मीटरांवर, आणून सोडते. मोटारीने लवकर पोहोचता येईल हे खरे. पण वळणावळणांच्या रस्त्यावर ज्यांना मळमळते त्यांनी गाडीच धरावी. सिमल्यात दोन रात्री काढाव्यात. तोवर शरीर विरळ हवेशी ओळख करून घेते. तेथून हिंदुस्थान-तिबेट मार्गाने साठ-पासष्ट किलोमीटरांवर नारकंडा लागते. उंची सुमारे २,७०० मीटर.

नारकंड्याचा धोमरीचा उतार हा देवदारांच्या रानात कोरलेला आखूड पट्टा आहे. पट्टीच्या स्कीपटूला तो पुरणार नाही. पहिल्यांदाच पायांत पट्ट्या बांधून चारदा आपटणाऱ्या नातवाला मात्र तो भरपूर आहे. शिवाय उतार आखूड असल्याने खाली उन्हात खुर्ची टाकून बसलेल्या आजीला नातू सतत दिसत राहतो. मोठ्या स्की-केंद्रांत तो वरच्या धुक्यात जो नाहीसा होतो, तो संध्याकाळीच भेटतो. सोबतची मंडळी ३,४०० मीटरांवरील हाटू शिखराची गोष्ट काढतील. हिवाळ्यात तो रस्ता बर्फाने बंद होतो, वर पायीच जावे लागते. तो बेत तरुणांवर सोडावा.

ज्यांना २,७०० मीटरांवर झोपणे नको वाटते, त्यांनी पंधरा-सोळा किलोमीटरांवरील ठाणेदार येथे मुक्काम करून दिवसा नारकंड्याला यावे. ठाणेदार-कोटगढचा हा टापू नारकंड्याहून सखल आहे. अमेरिकेतून आलेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी, म्हणजे पुढे हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झालेल्या गृहस्थांनी, इथेच अमेरिकन जातीच्या सफरचंदांची लागवड रुजवली. आपण बाजारात पाहतो त्या हिमाचली सफरचंदांची कुळकथा येथून सुरू होते. हिवाळ्यात बागा निष्पर्ण असतात, पण फेरफटक्याला वाट बरी असते. ताजा बर्फ पडला की नारकंड्याचा रस्ता काही काळ अडतो; निघण्यापूर्वी मुक्कामावर चौकशी करावी.

सिमल्याहून अधिक जवळचे कुफरी मी सुचवणार नाही. घोडे, चिखल आणि गर्दी यांतून तेथे विसावा मिळत नाही.

सोलंगचे तसे नाही. मनाली सुमारे २,०५० मीटरांवर आणि सोलंगचे उतार तेराएक किलोमीटरांवर, २,५०० मीटरांच्या आसपास. खाली झोपायचे आणि दिवसा वर जायचे, ही उत्तम व्यवस्था तेथे आपोआप होते. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंगचे वर्गही याच उतारांवर भरतात, आणि मनालीत जुने मिशन रुग्णालय आहे. दुपारनंतर मात्र सोलंगला जत्रेचे रूप येते. सकाळी जाऊन जेवणापूर्वी परतावे. एक सावधगिरी. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरांच्या अटल बोगद्यामुळे लाहौलचे खोरे हाकेच्या अंतरावर आले आहे. ‘समोरच सिस्सू आहे, चला’ असे चालक सहज म्हणतो. ते गाव ३,००० मीटरांहून उंच आहे. तासाभराची फेरी वेगळी, आणि आल्याच दिवशी तेथे रात्र काढणे वेगळे.

उत्तराखंडातील औली फार देखणी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तेथे झाल्या आणि समोर नंदादेवी उभी असते. पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तेथून औलीला नेणारा रोपवे थांबवण्यात आला, आणि ऋषिकेशचे मोठे रुग्णालय डोंगरी रस्त्याने अडीचशे किलोमीटर दूर आहे. हृदयविकार असलेल्या व्यक्तीला मी तेथे नेणार नाही.

ज्यांच्यापाशी दिवस मुबलक आहेत त्यांच्यासाठी मुन्सियारी आहे. काठगोदामहून पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, म्हणून वाटेत अल्मोडा किंवा चौकोडी येथे मुक्काम हवाच. गाव सुमारे २,२०० मीटरांवर. स्कीइंग करणारे पायी चढून ३,५०० मीटरांच्या खलिया टॉपकडे जातात. तेथे वर नेणारा पाळणा नाही, त्यामुळे गर्दीही नाही. आपण अंगणातच बसावे. समोर पंचचुलीची पाच शिखरे असतात. नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही : स्वर्गारोहणापूर्वी पांडवांनी शेवटचा स्वयंपाक याच पाच चुलींवर केला, असे लोक सांगतात.

कोठेही गेलात तरी जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी हा काळ धरावा. ही सारी गावे आभाळातून पडणाऱ्या बर्फावर अवलंबून आहेत, आणि अलीकडे ते बेभरवशाचे झाले आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसुद्धा जवळजवळ महिनाभर उघडे-बोडके होते.

आता ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती सांगतो. डोंगरात रात्री वीज जाते आणि कोणी तरी प्रेमाने कोळशाची अंगीठी खोलीत आणून ठेवतो. दारे-खिडक्या बंद असतात. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणसे दगावतात. त्यात आणखी फसवणूक अशी की डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही या विषबाधेची लक्षणे विरळ हवेच्या त्रासासारखीच असतात. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, किंवा बाहेर पडताच बरे वाटले, तर संशय अंगीठीचा घ्यावा : सर्वांना उघड्या हवेत आणावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. धूर छपरावरून बाहेर सोडणारी नळीची बुखारी वेगळी. तीही झोपताना विझवावी आणि खिडकीची फट उघडी ठेवावी. पांघरूण एक जास्त घ्यावे, अंगीठी नको.

विरळ हवेची बाधा बहुधा पोहोचल्यापासून सहा ते चोवीस तासांत जाणवते. सौम्य डोकेदुखी असेल तर विसावा घ्यावा, आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पहाट, खाली उतरावे. काळजी वाहणाऱ्यांनी येथे विशेष जागरूक असावे, कारण आजोबा भलतेच काही बोलू लागले तर ‘वयाचा विसराळूपणा’ म्हणून ते सोडून दिले जाते.

निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि ठिकाणाची उंची आकड्यांत सांगावी. उंचीवरच्या त्रासासाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड ही गोळी मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी परस्पर घेऊ नये. लघवीची गोळी चालू असेल तर थंडीत तहान लागत नाही आणि शरीर कोरडे पडते, हेही विचारून घ्यावे. झोपेच्या गोळ्या श्वास मंदावतात. पहिल्या रात्री तर टाळाव्यातच. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते सामानात न टाकता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवावे. गार बोटांवर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. आधी हात चोळून ऊब आणावी.

बर्फावर पडणे हा तरुणांचा खेळ आहे, आपल्या वयात तो खुब्याच्या हाडाचा प्रश्न आहे. बुटांना बांधायचे रबरी काटे मिळतात, ते घ्यावेत; पावले आखूड टाकावीत, हात खिशाबाहेर असावेत. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावेच. ताजा बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो. केवळ रंगीत काचा पुरत नाहीत, हे किरण अडवणारा चष्मा हवा.

हॉटेल ठरवताना दूरध्वनीवरून चौकशी करा : खोली तळमजल्यावर आहे का, रात्री दोन वाजता गरम पाणी मिळते का, वीज गेल्यावर खोली कशाने तापवतात, आणि बर्फ पडल्यावर मोटार दारापर्यंत येते की शेवटचे दोनशे पावलांचे अंतर चढून जावे लागते. हे शेवटचे उत्तर गोलमाल आले, तर दुसरे हॉटेल शोधावे.