एक दिवस माझ्या मालिकेचा!

मैत्रिणींनो, तुमची एखादी आवडती मालिका असेलच. ती तुम्ही बघता कशी? एक डोळा पडद्यावर, कान कुकरच्या शिट्टीकडे आणि हातात मेथीची जुडी. नेमका महत्त्वाचा प्रसंग आला, की आतून हाक येतेच, “आई, माझे मोजे कुठंयत?”

आमच्या भिवंडीत यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालू असते. बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. पण मागालाही तेलपाणी करायचं तर तो थांबवावा लागतो. घरच्या बाईला मात्र कुणी ‘थांब’ म्हणत नाही, आणि तीही आपणहून थांबत नाही. म्हणून म्हणते, वर्षातून एक दिवस आवडत्या मालिकेसाठी चक्क रजा घ्या. चोरून नव्हे, सांगूनसवरून!

पूर्वी हे आपोआप जमायचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढं मालिकांची वेळ घराघरांत पाठ झाली. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी लागायचं. त्याआधी भाजी-आमटी उरकून घरातली बाईदेखील सगळ्यांबरोबर बसायची. तेवढा वेळ कुणी चहा मागत नसे. वेळ ठरलेली, म्हणून तिची बैठकही ठरलेली.

२०२० च्या टाळेबंदीत तेच ‘रामायण’ २८ मार्चपासून रोज सकाळ-संध्याकाळ दाखवलं आणि १८ एप्रिलला संपलंसुद्धा. दीड वर्षाची मालिका तीन आठवड्यांत! आता तर मालिका मोबाइलवर हवी तेव्हा बघता येते. सोय खरी, पण गोम इथंच आहे. ‘कधीही बघता येतं’ याचा अर्थ घरात ‘तू नंतर बघ’ असा होतो, आणि आपलं ते ‘नंतर’ काही उजाडत नाही.

हे नुसतं माझं गाऱ्हाणं नाही, बरं का. केंद्र सरकारच्या २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. पुरुषांची जातात ८८. मुलाबाळांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळंच. म्हणजे जवळजवळ पाच तास रोज, रविवार नाही की दिवाळी नाही!

तर मग रजेची तयारी कशी करायची?

मालिका बेताची निवडा. ‘महाभारता’चे ९४ भाग एका दिवसात बसायचे नाहीत. आणि ‘चार दिवस सासूचे’? नावात चार दिवस असले तरी ती २००१ पासून २०१३ पर्यंत चालली! ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सारखी मालिका बरी. प्रत्येक भागाची गोष्ट त्या भागातच संपते, त्यामुळे कुठंही उठता येतं आणि दिलीप प्रभावळकरांच्या आबांबरोबर हसताही येतं.

दिवस आधी जाहीर करा. परीक्षा, पाहुणे, सणवार टाळून आठवडाभर आधी सांगा. “अहो, रविवारी दहा ते पाच मी रजेवर आहे,” एवढंच. फार कारणं देत बसू नका. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

सकाळीच सगळ्यांचं करून ठेवण्याचा मोह आवरा. पहाटे चारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, तर ती रजा कसली? आदल्या दिवशी इडलीचं पीठ भिजवा, वाटून ठेवा. इडल्या लावायचं काम ह्यांच्याकडे आणि मुलांकडे द्या. दुपारी दहीभात, लोणचं, पापड पुरे. सासूबाईंचं पथ्य असेल तर तेवढं आधी समजावून सांगा. वाटलं तर त्यांनाच शेजारी बसवा. त्यांच्या रजा तर आपल्याहून जास्त साठलेल्या आहेत!

शरीराला जपा. दोन भाग झाले की उठा, खिडकीतून लांबवर बघा, पाणी प्या, चार पावलं चाला. पाठीला उशी घ्या. शेव-चिवड्याचा डबा मांडीवर नको. शेंगदाणे, काकडी, एखादं फळ बशीत काढून घ्या. रात्रीची झोप मोडून मात्र मुळीच बघू नका. सकाळचा डबा चुकत नाही, आणि तो ताण दुप्पट होतो.

“त्या मालिकेत एवढं आहे तरी काय?” असं कुणीतरी विचारणारच. एकदिवसीय क्रिकेटचा सामना दिवसभर चालतो. ह्यांना चहा हातात मिळतो, जेवणाचं ताटही तिथंच येतं, आणि त्यांना कुणी असं विचारत नाही. भांडू नका, हसून एवढी आठवण करून द्या.

त्या दिवशी कणीक सैल होईल, ओटा ओला राहील, एखादं दूध उतू जाईल. जाऊ दे. घरातल्यांना चहापूड कुठल्या डब्यात आहे ते कळेल, हाही फायदाच. तुम्ही मध्येच उठून पुसायला गेलात, तर पुढच्या वेळी तुमची रजा कुणी मनावर घेणार नाही.

आणि तारीख ठरली, की कॅलेंडरवर पेनानं गोल करा. पेन्सिलीनं केलेलं लगेच खोडलं जातं, हे शाळेत शिकवणारी बाई म्हणून सांगते!