फुग्यांची जत्रा

आपल्याकडे गावोगाव जत्रा भरते. अमेरिकेतही एक मोठी जत्रा भरते. पण ती देवाची नव्हे, फुग्यांची! तेथे न्यू मेक्सिको नावाचे राज्य आहे. त्या राज्यात अल्बुकर्की हे शहर आहे. दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात नऊ दिवस तेथे हा मेळा चालतो. १९७२ साली पहिल्या मेळ्याला अवघे १३ फुगे होते. आता पाचशेच्या आसपास येतात. परदेशी गेलो असताना आम्ही हा मेळा पाहिला.

हे फुगे पोरांच्या हातातले नव्हेत, बरं का! एकेक फुगा सहा मजली इमारतीएवढा उंच असतो. वर नायलॉनच्या कापडाची प्रचंड पिशवी, खाली वेताची टोपली. त्या टोपलीत माणसे उभी राहतात.

एवढे मोठे धूड वर जाते तरी कसे? चुलीचा धूर आठवा. हवा तापली की पसरते आणि हलकी होते. हलकी हवा वर चढते. तेल पाण्यावर येते ना, तसेच हे. फ्रान्समधील माँगोल्फिए नावाच्या दोघा भावांनी ही गोष्ट हेरली. त्यांचा कागदाचा कारखाना होता. धुरातच काही शक्ती आहे, असे त्यांना वाटे. खरी करामत उष्णतेची होती. १७८३ साली सप्टेंबर महिन्यात त्यांनी राजासमोर फुगा सोडला. त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. तिघेही जिवंत खाली आले. मग २१ नोव्हेंबरला पॅरिस येथे दोन माणसे वर गेली. सुमारे २५ मिनिटांनी ती सुखरूप उतरली.

त्या वेळी पेंढा जाळीत. आता प्रोपेन नावाचा गॅस जाळतात. आधी पंख्याने पिशवीत गार हवा भरतात. तेव्हा फुगा जमिनीवर आडवा असतो. मग ज्योत सोडतात. हवा तापते आणि फुगा हळूहळू उभा राहतो. आणखी तापवला की वर जातो. निवला की खाली येतो.

पण खरी गोम पुढे आहे. फुगा वर-खाली करता येतो, डावी-उजवीकडे वळवता येत नाही. त्याला सुकाणू नाही. वारा नेईल तिकडे जायचे. मग परत कसे यायचे?

अल्बुकर्की शहर रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात आहे. रात्री गार झालेली हवा त्या खोऱ्यातून दक्षिणेकडे वाहते. त्याच वेळी उंचावर पुष्कळदा वारा उत्तरेकडे वाहत असतो. फुगेवाला आधी खालच्या वाऱ्याबरोबर दक्षिणेला जातो. मग वर चढून उत्तरेला येतो आणि निघाला त्याच्या जवळपास उतरतो. वारा असा रोज मिळत नाही. म्हणून पहाटेच्या अंधारात आधी थोडेच फुगे सोडतात. ते कसे वाहतात, हे बाकीचे खालून पाहतात. मग मैदानावर निशाण चढते. हिरवे म्हणजे उडा, पिवळे म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज उडायचे नाही.

आम्ही गेलो त्यातल्या एका दिवशी लाल निशाण चढले. माणसे अंधारात उठून आली होती, थंडीत कुडकुडत होती. मुले हिरमुसली. आम्हांलाही वाईट वाटले. पण एकाही फुगेवाल्याला हुज्जत घालताना आम्ही पाहिले नाही. सगळ्यांनी कापड गुंडाळले आणि गाड्यांत भरले.

त्यांना धोका ठाऊक आहे. २६ जून २०२१ रोजी याच शहरात एक फुगा विजेच्या तारांना लागला. तेव्हा मेळा नव्हता. टोपलीतली पाचही माणसे दगावली. वाऱ्यावर असलेल्या फुग्याला ऐनवेळी बाजूला घेता येत नाही.

आपला शेतकरी उफणणीला उभा राहतो, तोही आधी वारा पाहतो. वारा मनासारखा नसला तर सूप खाली ठेवतो. तेथे फार तर एक दिवस वाया जातो. फुगेवाल्याच्या टोपलीत माणसांचे जीव असतात. म्हणून उडता येणे ही त्याची अर्धी विद्या. कधी उडू नये हे कळणे, ही उरलेली अर्धी.