‘देते’ आणि ‘लागते’ : मागे घर ओढणाऱ्या मोटारीच्या इंधनाचा हिशेब

मोटारीच्या इंधनखर्चाविषयी मराठीत जो प्रश्न विचारला जातो तो असा : ‘गाडी काय ॲव्हरेज देते?’ आणि त्याचे उत्तर येते : ‘लिटरला अठरा देते.’ या वाक्यात गाडी हा कर्ता आहे, आणि दुभत्या जनावराप्रमाणे ती मालकाला काही देत आहे. उलट ट्रॅक्टरविषयी बोलताना तोच मनुष्य ‘तासाला किती डिझेल लागते?’ असे विचारतो. येथे यंत्र देत नाही. त्याला द्यावे लागते. पहिल्या वाक्यात उत्पन्नाची भाषा आहे, दुसऱ्यात खर्चाची. हा भेद केवळ मराठीतला नव्हे. अमेरिकेतील इंग्रजीत गाडी गॅलनला अमुक मैल मिळवते. जर्मन भाषेत मात्र गाडीला आठ लिटर लागतात, आणि ‘शंभर किलोमीटरला’ हे शब्द अध्याहृत राहतात. गणिताच्या दृष्टीने ही दोन मापे एकमेकांचे व्यस्त आहेत. एकातून दुसरे काढण्यास एक भागाकार पुरतो. परंतु बोलणारा मनुष्य तो भागाकार क्वचितच करतो, आणि त्यामुळे दोन भाषांतून दोन वेगळे निष्कर्ष निघतात. ही तफावत अत्यंत महाग पडते असे एक क्षेत्र म्हणजे प्रवासी ट्रेलर ओढणाऱ्या मोटारींचे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवासी ट्रेलर म्हणजे चाकांवरचे लहानसे घर. त्यात बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी आणि बहुधा न्हाणीघरही असते. इंजिन मात्र नसते. मोटारीच्या किंवा पिकअपच्या मागील आकड्यास ते जोडावयाचे आणि ओढत न्यावयाचे. ब्रिटनमध्ये या वस्तूस ‘कॅरव्हॅन’ म्हणतात. हा मूळचा फारसी ‘कारवान’, म्हणजे तांडा. अनेक प्रवाशांच्या समूहाचा वाचक शब्द एका कुटुंबाच्या घराचा वाचक झाला, आणि त्याचेच शेपूट तुटून ‘व्हॅन’ हा शब्द निपजला, हे अर्थसंकोचाचे मोठे बोलके उदाहरण आहे. हौसेखातर अशा घरातून प्रवास करण्याची प्रथा तेथे घोड्यांच्या काळापासून आहे. नौदलातील निवृत्त शल्यवैद्य आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची अशी गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यातून मुद्दाम बांधवून घेतली होती. अमेरिकेत रूढ झालेला ‘ट्रेलर’ हा शब्द मात्र ‘मागे फरफटत येणारे’ एवढेच सांगतो. ते काय आहे यापेक्षा ते कसे येते यावर त्याचा भर आहे.

या फरफटीच्या कल्पनेतच पहिली चूक दडलेली आहे. ‘ओढणे’ म्हटले की मराठी मनासमोर बैल येतो, आणि बैलास जाणवते ते ओझे. म्हणून ट्रेलर घेणारा मनुष्य प्रथम विचारतो, ‘वजन किती?’ बैलाच्या बाबतीत हा प्रश्न अगदी योग्य होता. अडीच हजार किलोग्रॅम वजनाचे एक सामान्य घर घ्यावे. सपाट डांबरी रस्त्यावर टायर फिरताना जो रोध होतो, तो वजनाच्या सुमारे १.२ टक्के धरल्यास साधारण ३०० न्यूटन भरतो, आणि या वेगांच्या टप्प्यात तो फारसा बदलत नाही. आता वाऱ्याचा रोध पाहावा. घराचा दर्शनी भाग सहा चौरस मीटर आहे असे समजू. पुढच्या मोटारीने काही हवा आधीच फोडलेली असते, म्हणून आकाराचा गुणांक ०.४ इतका बेताचा धरू. ताशी चार किलोमीटर या बैलाच्या चालीने गेल्यास हा रोध दोन न्यूटनसुद्धा होत नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने तोच ९०० न्यूटन होतो. वेग साडेबावीस पट झाला की वाऱ्याचा रोध पाचशेपटीहून अधिक वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे बैल ओझे ओढत होता. मोटार मुख्यतः हवा ढकलते. क्रियापद तेच राहिले, क्रिया पालटली.

हे आकडे गृहीत धरलेले असले तरी त्यांचा पडताळा घेता येतो. दोन्ही रोध मिळून १,२०० न्यूटन झाले; शंभर किलोमीटर अंतरात त्यांच्याविरुद्ध १२ कोटी जूल, म्हणजे १२० मेगाजूल काम करावे लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते, पण तिचा चतुर्थांशाहून थोडा अधिक भागच चाकांपर्यंत पोहोचतो. तो नऊ मेगाजूल धरल्यास केवळ मागच्या घरापायी शंभर किलोमीटरला तेरा लिटरांच्या आसपास जादा पेट्रोल लागते. गॅलनला वीस मैल देणारा पिकअप ट्रेलर जोडल्यावर दहावर येतो, हा अमेरिकेतील सर्वसाधारण अनुभव आहे. वीसवरून दहा म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे बारा लिटरांची वाढ. हिशेब आणि अनुभव यांचे इतके जुळावे हा काही अंशी योगायोग म्हणावा, परंतु दोहोंची दिशा निःसंशय एकच आहे.

शत्रू वारा आहे, हे १९३०–४० या दशकातील कारागिरांस चांगले ठाऊक होते. ग्लायडर विमाने बांधणाऱ्या हॉली बौलस याने १९३४ साली ॲल्युमिनियमचा गोलसर ट्रेलर काढला. त्याच धर्तीवर १९३६ साली वॉली बायम याने ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आणला. एअरस्ट्रीम म्हणजे हवेचा ओघ. नावातच शास्त्र सांगितले होते. पण गोल भिंतीस कपाट टेकत नाही. आतील जागेच्या लोभाने पुढे पेटीसारखे चौकोनी आकारच बहुसंख्य झाले, आणि जाहिरातीत वजनाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापण्याची रीत पडली.

वेगाची गोष्ट याहून सरळ आहे. ताशी ६५ मैलांवरून ५५ मैलांवर उतरले की हवेचा रोध सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. तेलटंचाईनंतर १९७४ साली अमेरिकेने सर्व देशभर ५५ मैलांची मर्यादा घातली. ती १९८७ मध्ये सैल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. कॅलिफोर्नियात मात्र ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांस ५५ चीच मर्यादा आहे. ही मर्यादा सुरक्षिततेसाठी आहे, तरी तिच्यामुळे पेट्रोलही वाचते. शिवाय रोध ठरतो तो रस्त्याच्या तुलनेने नव्हे, हवेच्या तुलनेने. ताशी ९० किलोमीटरने जाताना समोरून २० किलोमीटरचा वारा आला, तर रोध जवळजवळ दीडपट होतो. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना आणि पूर्वेकडे परतताना एकाच गाडीचे आकडे वेगळे येतात, आणि मालक विनाकारण इंजिनाला दोष देतो.

मग वजनाचे काहीच नाही काय? आहे, ते घाटात आपला हक्क वसूल करते. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून पश्चिमेस निघणारा महामार्ग सुमारे १,६०० मीटर उंचीपासून चढत, शंभरएक किलोमीटरनंतर आयझेनहॉवर बोगद्याशी सुमारे ३,४०० मीटर उंची गाठतो. अडीच हजार किलोग्रॅमचे घर १,८०० मीटर वर चढविण्यास ४४ मेगाजूल, म्हणजे वरील मापाने सुमारे पाच लिटर पेट्रोल लागते. मधले उतार धरले तर अधिकच. एवढ्या उंचीवर हवा सुमारे तीन-दशांशाने विरळ असल्याने वाऱ्याचा रोध घटतो, ही त्यात थोडी सूट. पलीकडे उतरताना ही कमावलेली उंची परत मिळावयास हवी. परंतु तीव्र उतारावर ती ब्रेकांच्या उष्णतेत आणि इंजिनाच्या अडवणुकीत जाते.

येथे ‘ॲव्हरेज’ या शब्दाचाच प्रश्न उभा राहतो. चढावर गॅलनला ६ मैल आणि तेवढ्याच लांबीच्या उतारावर १८ मैल मिळाले, असे समजू. मालक दोन आकड्यांची बेरीज करून दोहोंनी भागतो आणि १२ सांगतो. खरे उत्तर ९ आहे. अठरा-अठरा मैलांचे दोन टप्पे घेतले तर पहिल्यास तीन गॅलन लागले, दुसऱ्यास एक. एकूण ३६ मैलांस चार. अंतर भाजकात टाकून ‘किती लागले’ असे मोजले असते तर साधी सरासरीही बरोबर आली असती. मराठीने इंग्रजीतून ‘सरासरी’ या अर्थाचा शब्द उचलला, त्यास ‘लिटरमागे किलोमीटर’ असा अर्थ चिकटविला, आणि नेमकी सरासरीच काढता येऊ नये अशा मापास तो दिला, हा शब्दार्थाच्या इतिहासातील एक विनोदच होय.

याहून गंभीर परिणाम निर्णयावर होतो. ट्रेलर ओढताना गॅलनला १० ऐवजी १२ मैल मिळाले, तर ‘दोनच मैलांचा फरक’ असे म्हणून मालक तो सोडून देतो. तोच मनुष्य वीस मैल देणारी मोटार विकून तीस मैल देणारी घेतो, आणि दहा मैलांची भर पडली म्हणून समाधान मानतो. हजार मैलांचा प्रवास घेऊन पाहावे. दहाच्या मापाने १०० गॅलन, बाराच्या मापाने ८३. वीसच्या मापाने ५०, तीसच्या मापाने ३३. दोन्ही ठिकाणी बचत सारखीच, १७ गॅलनांच्या आत-बाहेर. ज्या दोन मैलांस भाषेने क्षुल्लक ठरविले, त्यांची किंमत नव्या मोटारीच्या दहा मैलांइतकी आहे. आणि हे दोन मैल मिळविण्यास नवी मोटार लागत नाही. मागील हिशेब पुढे चालविला, तर ६५ वरून ५५ वर उतरल्याने साधारण एवढाच लाभ पदरात पडतो. हजार मैलांच्या प्रवासास तीन तासांहून थोडा कमी वेळ अधिक लागतो, इतकेच. तो वेळ त्या किमतीस घ्यावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे; परंतु ‘दोनच मैल’ असे म्हणणाऱ्यापुढे हा सौदा कधी येतच नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच भ्रम प्रयोगांनी दाखवून दिला. मैलांचा आकडा जेवढा वाढतो तेवढी बचत वाढते, असे लोक समजतात. माप उलटे करून सांगितले की त्यांचे निर्णय सुधारतात. त्यांचे प्रयोग ट्रेलरविषयी नव्हते. परंतु हा भ्रम आकडा जितका लहान तितका अधिक नडतो, आणि ट्रेलर ओढणाऱ्यांचे आकडे सर्वांत लहान असतात.

अमेरिकेत २०१३ सालच्या नमुन्यांपासून नव्या मोटारीवरील सरकारी चिठ्ठीत ‘शंभर मैलांस किती गॅलन’ हाही आकडा छापणे आवश्यक झाले. तो लहान अक्षरांत असतो. मोठा आकडा अजून मैलांचाच आहे. शिवाय ही चाचणी ट्रेलर न जोडता घेतात. आणि भरल्या वजनाची कमाल मर्यादा ८,५०० पौंडांच्या वर असलेले जे दणकट पिकअप अवजड घर ओढण्यासाठीच घेतले जातात, त्यांवर अशी चिठ्ठीच नसते. साहजिकच मालकांमध्ये तोंडी आकडेच फिरतात, आणि समुद्रापलीकडे जाताना तेही बिघडतात. ब्रिटिश गॅलन १८२४ साली ठरविलेला, ४.५४६ लिटरांचा, अमेरिकन गॅलन हा इंग्लंडच्याच जुन्या मद्यमापाचा वारस, ३.७८५ लिटरांचा. ब्रिटिश माणसाने अभिमानाने सांगितलेले तीस मैल अमेरिकेत पंचवीस होतात. शब्द एक, माप दोन. डिझेल आणि पेट्रोल यांचे लिटर सारखे धरण्याची चूक याच जातीची आहे, कारण डिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जा दहा टक्क्यांहून अधिक असते.

विजेवर चालणाऱ्या पिकअपांमुळे या भाषेत नवा शब्द प्रमुख झाला आहे, तो ‘पल्ला’. मोठा ट्रेलर जोडला की पल्ला बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. येथे वीसचे दहा झाले असे कोणी म्हणत नाही. पुढचे विद्युत्-भरणस्थान गाठता येत नाही, असे म्हणतात. प्रमाण तेच, पेट्रोलच्या गाडीचेच. फरक इतकाच की पेट्रोलच्या टाकीने ते लपविले होते. अनेक भरणस्थानांची आखणी एकट्या मोटारीसाठी केलेली असल्यामुळे तेथे ट्रेलर सोडून बाजूस लावावा लागतो, आणि विद्युत्-भरण संपेपर्यंत ते घर आवाराच्या कडेला उभे असते.